वाहक पॉलिमरचा स्कॅफोल्ड श्वान पेशींना मानवतो का? चाचणी टप्प्याटप्प्याने

एमटीटी चाचणी चालू होती. जिवंत पेशी एमटीटी या रंगाचा जांभळा फॉर्मझान करतात आणि तो डीएमएसओ या द्रावकात विरघळवून मोजतात. डीएमएसओ घातलं, जांभळा रंग सुटला, प्लेट रीडरवर वाचन घेतलं. आकडा पडलेला होता. पॉलिपायरोल या वीज वाहणाऱ्या पॉलिमरचा लेप दिलेल्या तंतुमय स्कॅफोल्डवर (पेशी वाढवायच्या सांगाड्यावर) श्वान पेशींची, म्हणजे मज्जातंतूंना वेढणाऱ्या आधारपेशींची, क्रियाशीलता साध्या प्लास्टिकच्या निम्म्याहून कमी दिसत होती. पदार्थ विषारी आहे असं मानून मी दोन आठवडे लेपाची कृती बदलत राहिले. मग एके दिवशी रिकामा केलेला स्कॅफोल्ड फेकण्याआधी त्यावर पुन्हा डीएमएसओ ओतलं, तर पुन्हा जांभळा रंग आला. तिसऱ्या वेळीही फिकट जांभळा आलाच. पेशी जिवंत होत्या. त्यांनी तयार केलेला फॉर्मझान त्या काळ्या तंतूंनी धरून ठेवला होता.

वाहक पॉलिमरवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हे सुरुवातीलाच गाठीशी बांधावं, कारण हे पदार्थ मुकाट बसणारे नाहीत. ते इलेक्ट्रॉन देतात-घेतात, रंग शोषतात, प्रथिनं धरून ठेवतात, प्रकाश अडवतात, आणि आपल्या बहुतेक पेशीचाचण्या नेमक्या याच गोष्टींवर उभ्या असतात. म्हणून इथे पेशींच्या चाचणीआधी चाचणीचीच चाचणी घ्यावी लागते. खालचा क्रम मी त्याच विचाराने लावला आहे.

प्रश्न नीट मांडा

परिघीय मज्जातंतू तुटला की त्याच्या दूरच्या भागातल्या श्वान पेशी आपलं नेहमीचं मायलिनचं (मज्जातंतूभोवतीच्या आवरणाचं) काम सोडतात आणि दुरुस्तीच्या रूपात जातात. त्या मायलिनचा कचरा साफ करतात, लांबट होऊन एकामागे एक रांगा लावतात, आणि एनजीएफ, बीडीएनएफ, जीडीएनएफ असे वाढीचे घटक सोडतात. वाढणारा अक्षतंतू (मज्जापेशीचा लांब धागा) या रांगांवरून दिवसाला साधारण १ मिलिमीटर गतीने पुढे सरकतो. दोन टोकांमधलं अंतर मोठं असेल तर मध्ये नळी किंवा स्कॅफोल्ड बसवावा लागतो, आणि श्वान पेशींनी तिथे येऊन काम करावं अशी अपेक्षा असते.

त्यात वाहक पॉलिमर कशाला? पॉलिअ‍ॅसिटिलीनची विद्युतवाहकता १९७७ मध्ये दाखवली गेली, आणि त्या कामासाठी हीगर, मॅकडायर्मिड व शिराकावा यांना २००० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मज्जातंतूंच्या बाजूने महत्त्वाचं पाऊल १९९७ चं. क्रिस्टीन श्मिट, रॉबर्ट लँगर आणि सहकाऱ्यांनी पॉलिपायरोलच्या पातळ थरावर पीसी-१२ पेशी वाढवून थरातून वीज दिली, तेव्हा त्यांचे न्यूराइट (पेशीतून फुटणारे धागे) वीज न दिलेल्यांपेक्षा जवळपास दुप्पट लांब झाले. तेव्हापासून पॉलिपायरोल, पॉलिअ‍ॅनिलीन आणि पेडॉट-पीएसएस (पेडॉट हा वाहक पॉलिमर आणि पीएसएस हा ऋण प्रभाराचा पॉलिमर यांचं मिश्रण) हे तीन पदार्थ या क्षेत्रात वारंवार भेटतात.

पण पीसी-१२ ही उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीच्या गाठीतून आलेली पेशी आहे. तिला मानवलं म्हणून श्वान पेशीला मानवेल असं नाही. आपल्याला तीन वेगळे प्रश्न विचारायचे आहेत: स्कॅफोल्डमधून काही विषारी सुटतं का, पेशी त्यावर बसून वाढतात का, आणि वाढलेल्या पेशी श्वान पेशींचं काम करतात का. पहिल्या दोन प्रश्नांवर थांबणारे प्रकल्प मी खूप पाहिले आहेत. तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड आहे, आणि खरी किंमत त्याच्याच उत्तराला आहे.

पदार्थ आधी धुऊन घ्या, मग मोजा

पॉलिमर क्वचितच विषारी असतो. त्यात उरलेलं बाकीचं रसायन पेशी मारतं. पॉलिपायरोल बनवताना फेरिक क्लोराइड किंवा अमोनियम परसल्फेट वापरतात. पायरोल किंवा अ‍ॅनिलीनचा न जुळलेला मोनोमर, लहान साखळ्या आणि डोपंट (वाहकता आणण्यासाठी घातलेले आयन) हेही आत अडकून राहतात. पेडॉट-पीएसएसचं मूळ द्रावण चांगलंच आम्लधर्मी असतं.

स्कॅफोल्ड शुद्ध पाण्यात हलत्या मंचावर ठेवा आणि पाणी दिवसातून दोनदा बदला. किती दिवस, हे कॅलेंडरला न विचारता धुतलेल्या पाण्याला विचारा. प्रत्येक पाण्याचा सामू मोजा आणि २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये स्पेक्ट्रम घ्या. सलग दोन पाण्यांचे स्पेक्ट्रम कोऱ्या पाण्यासारखे सपाट आले की धुणं पुरे. फेरिक क्लोराइड वापरलं असेल तर आम्ल केलेल्या पाण्याच्या थोड्या नमुन्यात पोटॅशियम थायोसायनेटचा थेंब टाका. लाल छटा आली तर लोह अजून सुटतंय. पाच मिनिटांची ही तपासणी कित्येक आठवडे वाचवते.

पेडॉट-पीएसएसच्या बाबतीत उलटी काळजी घ्यावी लागते. हा पदार्थ पाण्यात विखुरतो, त्यामुळे आडवे बंध घातले नसतील तर धुता धुता लेपच निघून जातो. ग्लायसिडॉक्सीप्रोपिल-ट्रायमेथॉक्सीसिलेनसारखा बंधकारक घालून तापवलेला थर टिकतो. पाणी निळसर दिसू लागलं तर पेशींपर्यंत जाऊच नका, आधी थर पक्का करा.

आता वाहकता. कोरड्या नमुन्यावर चार टोकांच्या प्रोबने मोजलेली वाहकता अहवालात शोभून दिसते, पण पेशी कोरड्या नमुन्यावर राहत नाहीत. पॉलिअ‍ॅनिलीनचं उदाहरण घ्या. त्याचं वाहक रूप आम्लात टिकतं. शरीराच्या ७.४ सामूला त्यातले प्रोटॉन निघून जातात आणि वाहकता कोसळते. पॉलिपायरोलचीही डोपंट हळूहळू बाहेर पडल्याने घटते. म्हणून नमुने ३७ अंश सेल्सिअसला पीबीएसमध्ये (शरीराशी मिळत्या सामूच्या खारट द्रावणात) आणि वेगळे नमुने पेशींच्या मीडियममध्ये (पोषक द्रवात) ठेवा, आणि शून्य, १, ७ व १४ व्या दिवशी मोजा. पातळ आणि प्रोबच्या अंतरापेक्षा खूप रुंद नमुन्यासाठी व्होल्टेज भागिले प्रवाह, गुणिले ४.५३, असा पृष्ठरोध मिळतो. त्याला जाडीने गुणलं की रोधकता मिळते, आणि तिचा व्यस्त म्हणजे वाहकता. सच्छिद्र स्कॅफोल्डची 'जाडी' फसवी असते, म्हणून पृष्ठरोधाचा आकडाही सोबत द्या. ओल्या नमुन्यात क्षारांचे आयनही वीज वाहतात. त्यामुळे पॉलिमर नसलेला तोच स्कॅफोल्ड त्याच द्रवात भिजवून मोजला नाही, तर वाहकता पॉलिमरची की खारट पाण्याची हे कळणार नाही. इम्पीडन्स (बदलत्या विजेला होणारा रोध) मोजणारं यंत्र हाताशी असेल तर १० मिलिव्होल्टच्या लहान लहरीवर ०.१ हर्ट्झ ते १०० किलोहर्ट्झपर्यंत मोजून ठेवा. पुढे वीज द्यायची असेल तेव्हा ही नोंद लागेल.

निर्जंतुकीकरण

स्कॅफोल्डचा सांगाडा पॉलिकॅप्रोलॅक्टोनचा असेल तर ऑटोक्लेव्हचा विचारही नको. तो ६० अंशांच्या आसपास वितळतो. ७० टक्के इथेनॉलमध्ये ३० मिनिटं ते एक तास, मग निर्जंतुक पीबीएसने किमान तीनदा धुणं, हा रोजच्या प्रयोगासाठी ठीक मार्ग. इथेनॉलमुळे पाणी न शोषणारी छिद्रंही भिजतात, हा त्याचा जास्तीचा फायदा. अतिनील दिवा फक्त समोरचा पृष्ठभाग गाठतो, आणि काळा पदार्थ तो आत जाऊच देत नाही. इथिलीन ऑक्साइड वापरलं तर वायू पूर्ण निघेपर्यंत नमुने हवेशीर ठेवावे लागतात. मार्ग कोणताही असो, निर्जंतुक केल्यानंतर वाहकता पुन्हा एकदा मोजा.

कोणत्या पेशी घ्यायच्या

सुरुवात आरएससी-९६ या उंदराच्या श्वान पेशीरेषेने करायला हरकत नाही. ती लवकर वाढते, रोज मिळते, आणि चाचण्या बसवताना हात साफ होतो. पण ती अमर झालेली रेषा आहे, त्यामुळे 'पेशी वाढल्या' हे तिच्याकडून ऐकण्यात फारसं नवल नाही. निर्णय मात्र प्राथमिक श्वान पेशींवरच घ्या. त्या नवजात उंदराच्या सायाटिक मज्जातंतूतून काढतात, आणि त्यासाठी प्राणी-नीती समितीची परवानगी आधी हातात हवी.

प्राथमिक पेशींची मुख्य डोकेदुखी म्हणजे फायब्रोब्लास्ट, म्हणजे सोबत येणाऱ्या संयोजी ऊतीच्या पेशी. ते जोमाने विभागतात आणि काही दिवसांत प्लेट व्यापतात. सायटोसिन अरॅबिनोसाइड देऊन विभागणाऱ्या पेशी मारणं आणि थाय-१ (फायब्रोब्लास्टवरचं प्रथिन) विरुद्धची प्रतिपिंडं व कॉम्प्लिमेंट (प्रतिपिंड बसलेल्या पेशी फोडणारी रक्तातली प्रथिनं) यांनी उरलेले फायब्रोब्लास्ट काढणं ही जुनी, खात्रीची रीत. त्यानंतर श्वान पेशी पॉलिलायसिन व लॅमिनिनवर, १० टक्के सीरम, २ मायक्रोमोलर फोर्स्कोलिन आणि न्यूरेग्युलिन (श्वान पेशींचा वाढीचा घटक) घातलेल्या मीडियममध्ये वाढवतात. प्रयोगात वापरण्याआधी थोड्या पेशी एस-१०० किंवा पी-७५ या श्वान पेशींच्या खुणांसाठी रंगवून शुद्धता मोजा आणि ती टक्केवारी नोंदवा. ९५ टक्क्यांखालची बॅच मी स्कॅफोल्डवर टाकत नाही. फायब्रोब्लास्टची वाढ श्वान पेशींची वाढ म्हणून मोजली जाण्याचा धोका तिथे फार मोठा असतो. मायकोप्लाझ्मा या पेशींत लपणाऱ्या जीवाणूची तपासणी दोन्ही प्रकारच्या पेशींसाठी आवश्यकच आहे.

पहिली चाचणी: अर्क

स्कॅफोल्डमधून काय सुटतं हे पाहायला पेशी आणि स्कॅफोल्ड एकत्र आणायची गरज नाही. स्कॅफोल्ड मीडियममध्ये भिजवा आणि तो अर्क पेशींना द्या. आयएसओ १०९९३ या वैद्यकीय उपकरणांच्या जैविक चाचणीच्या मानक मालिकेचा पाचवा भाग पेशीविषारीपणाचा आणि बारावा भाग नमुना तयार करण्याचा. ०.५ मिलिमीटरपेक्षा पातळ नमुन्याला दर ६ चौरस सेंटिमीटरमागे १ मिलिलिटर मीडियम, ०.५ ते १ मिलिमीटर जाडीला दर ३ चौरस सेंटिमीटरमागे १ मिलिलिटर, आणि हलक्या सच्छिद्र नमुन्याला दर ०.१ ग्रॅममागे १ मिलिलिटर असं प्रमाण आहे. विजेने कातलेली तंतुमय चटई सहसा या शेवटच्या गटात बसते. अशी चटई बरंच मीडियम पिऊन टाकते. ती किती पिते ते आधी वजनाने मोजा आणि तेवढं मीडियम जास्तीचं घाला, नाहीतर अर्क उगाच दाट होतो.

सीरमयुक्त मीडियममध्ये ३७ अंशांना २४ तास ठेवा. शेजारी तितकंच मीडियम, तशाच नळीत, स्कॅफोल्डशिवाय ठेवा. तुलना याच्याशी करायची, फ्रीजमधून काढलेल्या ताज्या मीडियमशी नाही. अर्क काढल्यावर सामू आणि ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) मोजा. मीडियम पिवळं पडलं असेल तर अजून आम्ल सुटतंय, म्हणजे धुणं अपुरं राहिलं. अर्क गाळू नका. गाळणीत नेमका दोषी पदार्थच अडकू शकतो. गाळावाच लागला तर तसं लिहून ठेवा.

अर्क १००, ५०, २५ आणि १२.५ टक्के अशा पायऱ्यांत, एकदा रुजलेल्या पेशींना २४ तास द्या. मानकानुसार क्रियाशीलता कोऱ्या नमुन्याच्या ७० टक्क्यांखाली गेली तर पदार्थ पेशीविषारी धरतात. एल-९२९ फायब्रोब्लास्ट आणि श्वान पेशी दोन्हीवर हीच चाचणी लावा. पहिली मानकाशी जोडून ठेवते, दुसरी आपल्या कामाशी. धन नियंत्रणासाठी, म्हणजे पेशी मरायलाच हव्यात अशा वेलसाठी (प्लेटमधल्या खळग्यासाठी), १० टक्के डीएमएसओ चालतं. त्या वेलमधल्या पेशी मेल्या नाहीत तर पूर्ण प्लेट बाद. इथे स्कॅफोल्ड वेलमध्ये नसल्याने रंगाच्या चाचण्या बऱ्यापैकी विश्वासू असतात. तरीही पेशी नसलेल्या वेलमध्ये अर्क व अभिकारक एकत्र ठेवून पाहा, कारण विरघळलेले लहान तुकडेही रंग बदलू शकतात.

चाचणीची चाचणी

या टप्प्याला पूर्ण एक आठवडा द्या. याच कामाला लोक सर्वांत कमी वेळ देतात, आणि सुरुवातीला सांगितलेली माझी चूक याच आळसातून झाली.

आधी पेशी नसलेला, पण मीडियममध्ये रात्रभर भिजवलेला स्कॅफोल्ड घ्या. त्यावर तुम्ही वापरणार असलेला प्रत्येक अभिकारक पूर्ण वेळेसाठी ठेवा: एमटीटी, रेझाझुरिन, जिवंत-मृत रंग, सगळे. एमटीटी आणि रेझाझुरिन हे दोन्ही क्षपण झाल्यावर (इलेक्ट्रॉन मिळाल्यावर) रंग बदलतात, आणि वाहक पॉलिमर स्वतः क्षपणकारक ठरू शकतो. पेशींशिवाय रंग बदलला तर तो आकडा नुसता वजा करून भागत नाही. पेशी आल्यावर पृष्ठभाग झाकला जातो, आणि ती वजाबाकी तशीच लागू राहत नाही.

मग पुनर्प्राप्ती तपासा. माहीत असलेला फॉर्मझान, माहीत असलेला डीएनए, माहीत असलेल्या पेशींचा फोडलेला रस एकेका स्कॅफोल्डवर घाला, नेहमीची कृती करा आणि किती परत मिळतं ते पाहा. १०० नॅनोग्रॅम डीएनए घालून ६० मिळाला तर तुमची पद्धत ४० टक्के गिळते. पॉलिपायरोलच्या साखळीवर धन प्रभार असतो आणि डीएनएवर ऋण, तेव्हा हे व्हायचंच. एलडीएच (फुटलेल्या पेशींतून सुटणारं विकर) चाचणी करायची असेल तर पेशींचा रस स्कॅफोल्डवर २४ तास ठेवून विकर किती उरतं ते बघा. विकर तंतूंना चिकटलं तर 'एलडीएच कमी, म्हणजे पेशी सुरक्षित' असा उलटा आणि धोक्याचा निकाल निघतो.

तिसरी गोष्ट छोटी पण हमखास उपयोगी. कोणतंही वाचन स्कॅफोल्ड असलेल्या वेलमधून घेऊ नका. द्रव नव्या प्लेटमध्ये काढा आणि तिथे वाचा. काळा पदार्थ प्रकाशाच्या वाटेत असताना शोषण मोजण्यात अर्थच नाही.

यानंतर ज्या दोन पद्धती टिकतील त्या निवडा, आणि दोन्हींचं तत्त्व वेगळं असू द्या. माझ्या हातात डीएनए मोजणी आणि सूक्ष्मदर्शकातली जिवंत-मृत मोजणी ही जोडी टिकली आहे. रेझाझुरिन फक्त तेव्हा वापरते, जेव्हा पेशीरहित स्कॅफोल्ड त्याला हात लावत नाही हे त्या बॅचवर दिसलेलं असतं.

पेशी पेरणं

तुलनेसाठी किमान चार गट हवेत: वाहक स्कॅफोल्ड, वाहक पॉलिमर नसलेला पण तशाच तंतूंचा स्कॅफोल्ड, साधं कल्चर प्लास्टिक, आणि पेशी नसलेला वाहक स्कॅफोल्ड. यातला दुसरा गट गाळला तर निकाल वाहकतेचा की खडबडीत पृष्ठभागाचा, हे कधीच सांगता येणार नाही. लेपामुळे तंतूंची जाडी आणि पाण्याचा स्पर्शकोनही बदलतो, म्हणून दोन्ही स्कॅफोल्डचे हे आकडे शेजारी शेजारी ठेवा. लॅमिनिन लावायचं तर सगळ्या गटांना सारखं लावा.

स्कॅफोल्ड तरंगतात. त्यांना वर्तुळाकार कडी ठेवून दाबा, आणि ती कडीही अर्क-चाचणीतून पास झालेली असावी. पेशी न चिकटणारी प्लेट वापरा, नाहीतर स्कॅफोल्डवरून घसरलेल्या पेशी खालच्या प्लास्टिकवर आनंदाने वाढतात आणि मोजणीत घुसतात. तरीही मोजणीच्या वेळी स्कॅफोल्ड नव्या वेलमध्ये हलवाच.

दर चौरस सेंटिमीटरला २०,००० पेशी हा सुरुवातीचा चांगला आकडा. पेशी थोड्या मीडियममध्ये घेऊन स्कॅफोल्डच्या मध्यावर थेंब ठेवा, इन्क्युबेटरमध्ये दोन तास द्या, थेंब सुकत नाही ना हे मध्ये एकदा पाहा, आणि मग वेल भरा. २४ तासांनी वरच्या द्रवातल्या आणि वेलच्या तळाच्या पेशी मोजा. किती टक्के पेशी बसल्या हे कळल्याशिवाय सातव्या दिवसाची वाढ वाचता येत नाही. कमी बसून जोमाने वाढलेल्या पेशी आणि जास्त बसून थबकलेल्या पेशी शेवटी एकच आकडा देऊ शकतात.

पहिला, तिसरा आणि सातवा दिवस हे मोजणीचे दिवस. प्लेटच्या कडेच्या वेलमध्ये बाष्पीभवन जास्त होतं, तिथे नुसतं पीबीएस भरून ठेवा.

मोजणी आणि पाहणी

डीएनएसाठी स्कॅफोल्ड पीबीएसने धुवा, प्रोटिनेज-के किंवा ०.१ टक्के ट्रायटन असलेल्या द्रवात टाका, तीनदा गोठवा-वितळवा, आणि द्रव नव्या प्लेटमध्ये घेऊन पिकोग्रीनसारखा, डीएनएला चिकटून चमकणारा रंग घाला. उद्दीपन ४८० नॅनोमीटर, उत्सर्जन ५२०. डीएनएवरून पेशीसंख्या काढताना पुस्तकी आकडा वापरू नका. पेशीरेषांची गुणसूत्रं बदललेली असतात. आपल्याच पेशी मोजून त्यांचा आलेख बनवा, तोही त्याच द्रवात आणि शक्यतो त्याच स्कॅफोल्डवर.

जिवंत-मृत रंगासाठी कॅल्सीन-एएम (जिवंत पेशी हिरव्या) २ मायक्रोमोलर आणि इथिडियम होमोडायमर (मृत पेशी लाल) ४ मायक्रोमोलर, अर्धा तास. इथे दोन फसगती आहेत. इथिडियम धन प्रभाराचं असल्याने ऋण प्रभाराच्या पीएसएसला चिकटून पूर्ण पार्श्वभूमी लालसर करू शकतं, म्हणून पेशीरहित स्कॅफोल्डही रंगवून पाहा. दुसरी फसगत अधिक घातक असते: मेलेल्या पेशी सुटून धुण्यात वाहून जातात आणि चित्र हिरवंगार दिसतं. वर तरंगणाऱ्या पेशी गोळा करून वेगळ्या रंगवल्या की खरं प्रमाण कळतं.

काळ्या स्कॅफोल्डमधून प्रकाश आरपार जात नाही, त्यामुळे उलट्या सूक्ष्मदर्शकावर नमुना पालथा घालून, काचेच्या तळाच्या डिशमध्ये, पेशींची बाजू खाली करून पाहा. पेशी चिरडू नयेत म्हणून कडेला पातळ आधार ठेवा. पाण्यात बुडणारी लेन्स असलेला सरळ सूक्ष्मदर्शक मिळाला तर सर्वांत उत्तम. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी २.५ टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्ये स्थिर करून चढत्या इथेनॉलमधून नमुना सुकवा.

आकार बारकाईने पाहा. सुखी श्वान पेशी लांबट, दोन किंवा तीन टोकांची असते आणि सरळ रेषेतल्या तंतूंवर त्यांच्या दिशेने झुकते. पसरट, रुंद, चहूबाजूंनी हातपाय काढलेल्या पेशी दिसल्या तर फायब्रोब्लास्ट तरी वाढलेत किंवा श्वान पेशींचं काहीतरी बिनसलंय. लांबी, रुंदी आणि तंतूंशी होणारा कोन, हे तीन आकडे प्रत्येक नमुन्यातून बऱ्याच पेशींसाठी काढा, आणि काढणाऱ्याला नमुना कोणत्या गटाचा हे ठाऊक नसावं.

श्वान पेशी श्वान राहिली का

सातव्या दिवशी एस-१००, सॉक्स-१० आणि पी-७५ साठी रंगवा, सोबत थाय-१ फायब्रोब्लास्टसाठी. त्यानंतर आरएनए काढून दोन बाजूंची जनुकं मोजा. दुरुस्तीच्या बाजूला सी-जून, जीडीएनएफ, बीडीएनएफ. मायलिनच्या बाजूला क्रॉक्स-२०, पी-शून्य, एमबीपी. सी-जून वर आणि क्रॉक्स-२० खाली असेल तर पेशी दुरुस्तीच्या रूपाकडे झुकलेली आहे, आणि नळीत बसवायच्या स्कॅफोल्डसाठी सुरुवातीला तेच हवं. इथे 'जास्त मायलिन म्हणजे चांगलं' हे सरसकट लावू नये. फोर्स्कोलिन पेशीतला सायक्लिक एएमपी वाढवतं आणि त्यामुळे ही जनुकंही हलतात, तेव्हा त्याचं प्रमाण सर्व गटांत तंतोतंत सारखं ठेवा. संदर्भ जनुकं (ज्यांच्या तुलनेत बाकीची मोजायची ती) दोन घ्या. चयापचय बदललं तर जीएपीडीएच एकटं भरवशाचं नाही.

एनजीएफ एलायझाने (प्रतिपिंडांनी प्रथिन मोजणाऱ्या चाचणीने) मोजताना चिकटण्याचा मुद्दा पुन्हा येतो. एनजीएफ हे तीव्र आम्लारिधर्मी प्रथिन आहे आणि ऋण प्रभाराच्या पीएसएसवर ते बसून राहू शकतं. माहीत असलेलं एनजीएफ पेशीरहित स्कॅफोल्डवर २४ तास ठेवून किती परत येतं ते आधी पाहा. मिळालेला आकडा नेहमी डीएनएने भागून द्या, नाहीतर जास्त पेशी म्हणजे जास्त स्राव एवढंच कळेल.

शेवटी प्रत्यक्ष काम. मज्जारज्जूच्या पृष्ठमूळ गुच्छिकेतले न्यूरॉन श्वान पेशी बसलेल्या स्कॅफोल्डवर ठेवा आणि बीटा-३ ट्युब्युलिन (न्यूरॉनची खूण) रंगवून न्यूराइटची लांबी मोजा. हे जमत नसेल तर स्कॅफोल्डवरच्या श्वान पेशींचं मीडियम गोळा करून ते न्यूरॉनना द्या. सहसंवर्धनात ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल देऊन दोन-तीन आठवड्यांनी एमबीपी रंगवलं, तर मायलिन तयार करण्याची क्षमता शाबूत आहे का हेही कळतं. वेळखाऊ आहे, पण स्कॅफोल्ड प्राण्यात घालण्याआधी मी हे पाहिल्याशिवाय पुढे जात नाही.

वीज देताना

विजेशिवायचे सगळे टप्पे पार झाल्यावरच इकडे या. बऱ्याच प्रयोगांत दर मिलिमीटरला ५० ते १०० मिलिव्होल्टचं क्षेत्र, दिवसातून तासभर, असं वापरलं जातं. प्राण्यांमध्ये आणि नंतर रुग्णांमध्ये वापरलेली '२० हर्ट्झ, १ तास' ही पद्धत जखमेच्या वरच्या मज्जातंतूला दिलेल्या स्पंदांची आहे. ती स्कॅफोल्डवरच्या पेशींना तशीच चिकटवू नका, तिथली परिस्थिती वेगळी आहे.

पाण्याचं विघटन होईल इतकं व्होल्टेज इलेक्ट्रोडवर कधीही जाऊ देऊ नका. स्पंद द्यायचे तर दोन्ही दिशांनी सारखा प्रभार जाईल असे द्या. चांदी-चांदी क्लोराइडचे इलेक्ट्रोड थेट मीडियममध्ये बुडवले तर चांदीचे आयन पेशींना मारतात, मध्ये अगारचे क्षारसेतू लागतात. प्रत्येक सत्राआधी आणि नंतर मीडियमचा सामू, तापमान आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मोजा.

गट चार लागतात: वाहक स्कॅफोल्ड विजेसह आणि विजेविना, अवाहक स्कॅफोल्ड विजेसह आणि विजेविना. त्यात पाचवा माझ्याकडून जोडा. पेशीरहित वाहक स्कॅफोल्डला तासभर वीज द्या, ते मीडियम काढून वीज न दिलेल्या पेशींवर घाला. त्या पेशींतही तोच 'परिणाम' दिसला, तर तो विजेचा नसून मीडियममध्ये झालेल्या रसायनाचा आहे.

आकडे मांडताना

एका प्लेटमधले सहा वेल म्हणजे सहा प्रयोग नव्हेत. स्वतंत्रपणे बनवलेल्या पॉलिमरच्या तीन बॅच, आणि शक्य असेल तर स्वतंत्रपणे काढलेल्या पेशींच्या तीन बॅच, हा खरा आकडा. वेलची सरासरी काढून बॅचला एक बिंदू द्या आणि आलेखात ते बिंदू दाखवा. पॉलिपायरोलच्या दोन बॅचमध्ये वाहकता, जाडी आणि उरलेला डोपंट इतके बदलतात, की एका बॅचवर मिळालेला सुंदर निकाल दुसऱ्या बॅचवर नाहीसा झालेला मी प्रत्यक्ष पाहिला आहे. म्हणून प्रत्येक नमुन्याच्या डबीवर बॅच क्रमांक, धुतलेल्या शेवटच्या पाण्याचा सामू आणि भिजल्यावरची वाहकता लिहा. एखादी बॅच वेगळी वागली की कारण बहुतेक वेळा त्या तीनपैकी एका आकड्यात सापडतं. तिथेही सापडलं नाही, तर पेशीरहित नियंत्रणाची त्या दिवशीची प्लेट पुन्हा उघडून पाहा.